झुडपी जंगल ही कारकुनाची चूक नव्हे

नागपुरात लग्नाच्या पंगतीला चार माणसं शेजारी बसली की जमिनीचा विषय निघतो. जमिनीचा निघाला की झुडपी जंगलाचा निघतो. मग कुणीतरी वाढप्याकडून आणखी एक पोळी घ्यावी इतक्या सहज म्हणतो, ‘अरे, इंग्रजांच्या काळात कोण्या बाबूनं रेकॉर्डात चुकीचा शब्द लिहून ठेवला अन् आपण शंभर वर्षं भोगतो आहोत.’ सगळे माना डोलावतात. हे मी पंगतीत ऐकलं, वकिलांच्या बाररूममध्ये ऐकलं, निवडणुकीच्या सभेत ऐकलं. २२ मे २०२५ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आल्यापासून तर ते रोज ऐकू येतं.

युक्तिवाद दिसायला चोख आहे. झुडूप म्हणजे झाड नव्हे. झाड नाही तिथे जंगल नाही. म्हणून ‘झुडपी जंगल’ हा शब्दच आपल्या पोटात आपलं खंडन घेऊन आलेला आहे. चूक आहे, खोडून टाका आणि जमीन मोकळी करा. शाळेतल्या व्याकरणाच्या तासाला याला पैकीच्या पैकी गुण मिळतील. महसुली दप्तरात मात्र तो टिकत नाही. का टिकत नाही, ते सांगायला हा लेख.

आधी निकालाचं थोडक्यात. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन महसूल खात्याकडे ‘झुडपी जंगल’ या नावाने नोंदलेली आहे. तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांनी ती वनजमीनच असल्याचं सांगितलं. आधार याच न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६च्या गोदावर्मन आदेशाचा. त्या आदेशाने ‘फॉरेस्ट’ या शब्दाचा कोशातला अर्थ धरायला सांगितला आणि सरकारी दप्तरात वन म्हणून जे काही नोंदलेलं आहे तेही, मालकी कुणाचीही असो, वन संवर्धन कायद्याखाली आणलं. मात्र त्या तारखेपूर्वी सक्षम अधिकाऱ्याने वाटलेल्या जमिनींवरची घरं, शाळा, कार्यालयं वाचवायची सोय न्यायालयाने अपवाद म्हणून केली आणि हा अपवाद इतरत्र दाखला म्हणून वापरायचा नाही अशी ताकीदही दिली. न्यायमूर्ती गवई मूळ अमरावतीचे, वकिलीची बहुतेक वर्षं नागपूर खंडपीठात गेलेली. ‘झुडपी’चा अर्थ त्यांना दुभाष्याकडून समजून घ्यायचा नव्हता. दिल्लीला पोहोचेपर्यंत आपला ‘झ’ इंग्रजी ‘झेड’ होतो आणि खटल्याच्या नावात ‘झुड्पी’ असं काहीतरी वाचलं जातं. तेवढं सोडलं तर शब्द समजूनच निकाल दिलेला आहे.

आता बाबूच्या चुकीकडे येऊ. चूक एकदा होते. फार तर एका तहसिलीत, एका पिढीत होते. सहा जिल्ह्यांच्या हजारो गावांत, सर्व्हे नंबरमागून सर्व्हे नंबर, दर महसुली बंदोबस्तात तीच चूक तशीच उतरत असेल, तर तिला चूक म्हणणाऱ्याची नजर तपासून घ्यावी लागेल. आणि ती मराठीपुरती असती तरी मानलं असतं. नागपूरहून उत्तरेला निघा, सावनेर ओलांडा, सौंसरला पोहोचा. तिथल्या मध्य प्रदेशी दप्तरात ‘छोटे झाड का जंगल’ आणि ‘बडे झाड का जंगल’ असे दोन वर्ग आहेत. छोटं झाड म्हणजे आपलं झुडूपच की. दोन भाषांत, दोन राज्यांत एकच गोष्ट नोंदवणारा असा कोणता बाबू होता जो दोन्हीकडे सारखाच चुकला?

याहून मोठा पुरावा वर्धा नदीचा आहे, आणि तो आमच्या पंगतीतले विद्वान नेहमी विसरतात. नदीच्या पूर्वेला आर्वीकडच्या माळावर भराटी, बोर, हिवर, खैराची खुरटलेली रोपं, मधूनच एखादा पळस. ते झुडपी जंगल. नाव काढून पलीकडे जा, अमरावती जिल्हा लागला. तीच भराटी, तोच हिवर, तसाच पळस. पण तिथल्या पटवाऱ्याला झुडपी जंगल विचारलं तर तो तुमच्या तोंडाकडे पाहील. त्याच्याकडे ती जमीन ‘ई क्लास’ आहे. झुडपं तीच, पाऊस तोच, बकऱ्याही बहुधा त्याच. शब्द मात्र नदीवर थांबला.

शब्द जर झुडपांचं वर्णन करणारा असता तर तो नदीवर थांबला नसता. भराटीला नदी ओलांडायला परवाना लागत नाही. तो थांबला, कारण नदीच्या अलीकडे मालगुजारी होती आणि पलीकडे वऱ्हाडात रयतवारी, म्हणजे रयतेचा सारा थेट सरकारला. ‘झुडपी जंगल’ या शब्दाचा नकाशा वनस्पतींच्या नकाशाशी जुळत नाही, तो जमीनधाऱ्याच्या नकाशाशी जुळतो. म्हणून या शब्दाचा अर्थ वनस्पतिशास्त्राला विचारण्यात काही मतलब नाही. तो बंदोबस्ताच्या कागदांना विचारायला हवा.

१८६१ला मध्य प्रांत झाला आणि पुढच्या काही वर्षांत इंग्रजांनी नागपूरकडच्या गावांची मालकी मालगुजारांना दिली. भोसल्यांच्या काळात जो गावचा सारा गोळा करून देणारा होता तो मालक होऊन बसला. मालक झाला, पण सगळ्याचा नाही. गावची पडीक, माळ, झुडपाची जमीन त्याच्या नावावर चढली, तरी त्या जमिनीवर गावाची गुरं चरणार, गाव तिथून जळण आणणार, कुडाला काटे आणणार, घर सारवायला माती आणि भिंतीला मुरूम आणणार, हे गृहीत होतं. नुसतं गृहीत नव्हतं, लिहून ठेवलेलं होतं. ज्या कागदात गावच्या चालीरीती लिहिल्या त्याला वाजिब-उल-अर्ज म्हणतात. फारसी वळणाचा हा शब्द आमच्याकडच्या म्हाताऱ्या कुणब्याच्या तोंडात ‘वाजबुलर्ज’ होऊन जातो, पण त्याला तो माहीत असतो. आणि या सगळ्या वापराला एक शब्द आहे : निस्तार.

निस्तार हा शब्द पुण्या-मुंबईच्या मराठीत आता राहिलेला नाही, ‘निस्तरणं’ तेवढं उरलंय, तेही दुसऱ्याने केलेला घोळ आवरण्यापुरतं. आमच्याकडे निस्तार म्हणजे संसार चालायला जे लागतं ते निभावून नेणं. ‘या जंगलावर चार गावांचा निस्तार आहे’ असं लोक म्हणतात, आणि त्या एका वाक्यात चराई, सरपण, मोहफूल, मुरूम, सगळं आलं. मध्य प्रांताच्या महसुलात हा शब्द कायद्याचा झाला. १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत तो अजून आहे : कलम १६१ला निस्तारपत्रक, कलम १६५ला वाजिब-उल-अर्ज. निस्तारपत्रकात काय असावं हेही संहिता सांगते. गुरं कोणत्या अटींवर चरतील, लाकूड, जळण, मुरूम, वाळू, माती कोणत्या अटींवर नेता येईल. ज्यांना झुडपी जंगल ही चूक वाटते त्यांनी ही कलमंही चुकून छापली गेली असं म्हणून दाखवावं.

३१ मार्च १९५१ला मालगुजारी गेली. गावची झुडपी, तलाव, पडीक सगळं सरकारजमा झालं. भंडारा-गोंदियाकडचे ते हजारो तलाव ‘माजी मालगुजारी तलाव’ झाले आणि सरकारी लघुरूपाच्या कृपेने आज त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात, जणू काही ते आपल्याला आजोळहून मिळालेत. तलावांना निदान मामा तरी मिळाला. झुडपीला कुणीच वाली उरला नाही. मालक म्हणून सातबाऱ्यावर ‘सरकार’ चढलं, वर्ग म्हणून ‘झुडपी जंगल’ राहिलं आणि निस्तार नावाचा तिसरा पक्ष दुसऱ्याच कागदावर असल्यामुळे कुणाच्या डोळ्यांसमोर आला नाही.

आमचं मूळ गाव उमरेड तालुक्यातलं. आजोबांच्या पेटीत निस्तारपत्रकाची एक नक्कल निघाली, कडा वाळवीने खाल्लेली, मध्ये घडीवर चिरलेली. तीत एका सर्व्हे नंबरापुढे झुडपी जंगल लिहिलंय आणि पुढच्या रकान्यात गावच्या गुरांची चराई. तो नंबर मी जाऊन पाहिला. पाच-सहा एकरांचा माळ, एका बाजूला नाला. भराटीच्या जाळ्या कमरेएवढ्या, त्यांच्या मधल्या वाटा गुरांच्या खुरांनी गुळगुळीत झालेल्या. नाल्याच्या काठाला सिंधी. तरोट्याच्या शेंगा वाजत होत्या. आत शिरलो तर पायाजवळून तितरांची जोडी फुर्र करून उडाली. मधोमध एक जुनं मोहाचं झाड आणि त्याच्या खाली आखर : सकाळी गावची गुरं जिथे गोळा होतात ती जागा, शेणाने आणि खुरांनी घट्ट झालेली, एक काडी गवत नाही. गायकी तिथे काठी टेकून उभा होता. आमच्याकडे गुराख्याला गायकी म्हणतात, गाण्याशी संबंध नाही. मी त्याला विचारलं, ‘हे जंगल आहे का?’ तो म्हणाला, ‘जंगल त तिकडं हाये जी, वाघाचं. हे ढोरायचं व्हय.’

एवढी नेमकी व्याख्या मला कुठल्याच निकालपत्रात सापडली नाही.

पण तो जे म्हणाला ते ‘जंगल नाही’ या पक्षाच्या फायद्याचं नाही, हे लक्षात घ्या. हे ढोरांचं आहे असं तो म्हणाला. मोकळं आहे असं म्हणाला नाही.

आता कोशाचा मुद्दा. शब्दाला कोशातला अर्थ लावायचाच असेल तर नीट लावू. ‘जंगल’ आपल्याला संस्कृतातल्या ‘जांगल’वरून आलं. आणि जांगल म्हणजे घनदाट अरण्य नव्हे. चरकसंहितेत देशाचे तीन प्रकार आहेत, आनूप, जांगल आणि साधारण. आनूप तो पाणथळ, गर्द. जांगल तो कोरडा, उघड्या आभाळाचा, कमी पाण्याचा, विरळ झाडांचा. त्याच्या वर्णनात खैर, बोर, टेंभुर्णी, सालई येतात. म्हणजे उमरेड-भिवापूरचं रान आलं. हजारो वर्षं जांगल हा शब्द ज्या भूमीसाठी होता तिला आज ‘झुडपी’ हे विशेषण लावावं लागतं, कारण मधल्या काळात जंगल म्हणजे ताडोबा अशी आपली समजूत झाली. झुडपी जंगल हा शब्द आपलंच खंडन करत नाही. उलट त्याने एकच गोष्ट दोनदा सांगितली आहे.

‘फॉरेस्ट’चं तर त्याहून गमतीचं. ज्या कोशातल्या अर्थावर गोदावर्मनची इमारत उभी आहे तो शब्द इंग्लंडात जन्मापासून कायद्याचा शब्द आहे, झाडांचा नाही. नॉर्मन राजांनी शिकारीसाठी राखलेला, वेगळ्या कायद्याखाली आणलेला मुलूख म्हणजे फॉरेस्ट. त्यात माळ असत, शेतं असत, वस्त्या असत. तिथल्या लोकांनी भांडून १२१७ला राजाकडून वनाची सनद लिहून घेतली, तीत आपापल्या रानात डुकरं चारायचा हक्क आहे. डुकरांच्या जागी म्हशी घाला, आमचं वाजिब-उल-अर्ज झालं. वन हा शब्द कायद्यात आला तेव्हापासून तो ‘इथे कोणाला काय करता येतं’ हे सांगायला आला आहे. झाडं मोजायचं काम त्याच्या मागे नंतर लावलं.

इथे समोरचा माणूस पंगतीतून उठत नाही, दुसरा मुद्दा काढतो : विकास. झुडपीमुळे कालवे अडले, रस्ते अडले, कारखाने अडले, विदर्भ मागे राहिला. यातलं काही खरं आहे. चाळीस वर्षं ज्या घरात राहतो त्याचा पट्टा मिळत नाही, पट्टा नाही म्हणून बँक कर्ज देत नाही, असे लोक मला माहीत आहेत. शाळेची इमारत पडायला आली तरी दुरुस्तीला मंजुरी मिळत नाही, हेही पाहिलंय. त्यांच्याशी माझं भांडण नाही, आणि न्यायालयाने १९९६ची रेष आखून त्यांना दिलासा दिला ते बरंच झालं. पण या लोकांना पुढे उभं करून त्यांच्यामागून जे बोलतात त्यांच्याशी आहे. १९९६नंतर झुडपी वाटली कोणी? आदेश माहीत असलेल्या अधिकाऱ्यांनीच. न्यायालयाने त्या वाटपांची कारणं आणि ती करणाऱ्या अधिकाऱ्यांची यादी मागितली आहे. कारकुनाच्या चुकीची गोष्ट सांगणाऱ्यांनी या यादीवर एक शब्द काढलेला मी ऐकलेला नाही. इंग्रज बाबू मेलेला आहे, त्याच्यावर ढकललेलं बरं असतं.

आणि ‘तुकड्यां’चा युक्तिवाद तर फारच लाडका. तीन हेक्टरपेक्षा लहान, कुठल्या वनाला लागून नसलेला तुकडा, त्याला जंगल काय म्हणायचं? सोडून द्या. न्यायालयाने सोडला नाही. असे तुकडे संरक्षित वन जाहीर करायला सांगितले. मला विचाराल तर तुकडा लहान आहे म्हणूनच तो गावाच्या कामाचा आहे. आखराला तीन हेक्टर लागत नाहीत. गावच्या वापराची जमीन नेहमी तुकड्यातच असते, घरापासून गुरं हाकत नेता येतील एवढ्या अंतरावर. सलग हजारो हेक्टर वाघाला लागतात.

आता जरा दुसऱ्या बाजूलाही. निकालानंतर नागपुरातल्या काही निसर्गप्रेमी मंडळींना वाटलं की लढाई जिंकली. शब्द वाचला हे खरं. पण ‘जंगल’ वाचवताना त्यांनी ‘झुडपी’ सोडून दिली की काय, अशी मला धास्ती आहे. उरलेली झुडपी निकालापासून वर्षभरात वन खात्याकडे द्यायची, असा न्यायालयाचा आदेश होता. पर्यायी वनीकरणासाठी बिगरवन जमीन नाहीच असं मुख्य सचिवांनी लिहून दिलं तर तिथे वनीकरणही करता येणार आहे. वनीकरण म्हणजे काय असतं ते ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना सांगायला नको. जेसीबीने चर खणायचे, भराटी उपटून टाकायची, सागाची नाहीतर निलगिरीची रोपं रांगेने लावायची, भोवती तार ओढायची, गुरांना बंदी. तीन पावसाळ्यांनी अर्धी रोपं वाळलेली, गवत गेलेलं, तितर गेलेले, आणि गायकी रस्त्याच्या कडेला गुरं चारतोय. दोन्ही पक्षांना झुडूप म्हणजे अपुरं राहिलेलं झाड वाटतं. एकाला ते काढून प्लॉट पाडायचे आहेत, दुसऱ्याला ते काढून खरी झाडं लावायची आहेत. शब्दातल्या पहिल्या पदाशी दोघांचंही सारखंच वाकडं.

आणि गंमत अशी की झुडपी ही वनजमीन ठरल्याने गावाच्या हातात एक हत्यार आलंय, ज्याचा दोघेही उच्चार करत नाहीत. २००६च्या वनहक्क कायद्यात वनजमिनीची व्याख्या मुद्दाम सैल ठेवली आहे. राखीव, संरक्षित याबरोबर अवर्गीकृत आणि मानीव वनंही तीत येतात. आणि सामूहिक हक्क मोजताना त्या कायद्याने जो शब्द वापरला तो पाहा : ‘निस्तार’, मग त्याला स्थानिक नाव काहीही असो. मध्य प्रांताच्या मालगुजारी दप्तरातला आमचा शब्द संसदेने उचलला आणि देशभराला लागू केला. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा)ने याच कायद्याखाली २००९ला आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. झुडपी वनजमीन नसती तर गावाला हा दावा करताच आला नसता. जे म्हणतात की या शब्दाने विदर्भाचं नुकसान केलं, त्यांनी विदर्भ म्हणजे नेमका कोण ते एकदा सांगावं. प्लॉट घेणारा की त्या माळावर म्हैस असणारा? आता या कायद्यात इतर पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्यांचा पुरावा मागतात, त्यात नागपूर-वर्ध्याच्या बिगर आदिवासी गावांची दमछाक होणार, हे मला माहीत आहे. पण पुरावा कुठे आहे तेही माहीत आहे. तहसिलीच्या अभिलेख कक्षात, निस्तारपत्रकाच्या गठ्ठ्यात.

न्यायालयाने सांगितल्याप्रमाणे १९९६पूर्वीच्या वाटपांसाठी जिल्ह्याजिल्ह्यातून एकत्रित प्रस्ताव जायचे आहेत आणि उरलेल्या जमिनींच्या याद्या वन खात्याकडे. त्या यादीत गट नंबर असेल, क्षेत्र असेल, अतिक्रमण आहे-नाही असेल. माझं म्हणणं एवढंच की प्रत्येक नंबरासोबत त्या गावच्या निस्तारपत्रकाची आणि वाजिब-उल-अर्जाची नक्कल लागलीच पाहिजे, आणि नक्कल लागल्याशिवाय यादीवर सही होता कामा नये. जागा बदलली म्हणून कागद सापडत नाहीत, वाळवीने खाल्ले, मोडीत आहेत, वाचणारा नाही, हे सगळं मला आत्ताच ऐकू येतंय. आमच्या गावची नक्कल माझ्याकडे आहे. झेरॉक्सचे पैसे मी देतो.